पुण्याच्या हवेत घरी सावरडो ब्रेड कसा करावा

सावरडो ब्रेडच्या ज्या पाककृती आपल्या हाती पडतात, त्या बहुतांशी थंड प्रदेशांतील स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांत दिलेले तास २० ते २२ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून मोजलेले असतात. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत ओट्याजवळचा पारा दुपारी ३३-३४ अंशांपर्यंत चढतो, पावसाळ्यात तो २५-२६ अंशांच्या आसपास राहतो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे घरातही १८-२० अंशांपर्यंत उतरतो. तासांचा एकच हिशेब या तिन्ही ऋतूंना लागू पडणे शक्य नाही. ब्रेड चपटा झाला की नवशिका माणूस पुढच्या वेळी कणीक आणखी तासभर ठेवून पाहतो. पुण्यात बहुधा तिथेच चुकते, कारण त्याची कणीक कमी आंबलेली नसते, ती जास्त आंबलेली असते. म्हणून पुढे वजने नेमकी दिली असली, तरी वेळा मात्र ऋतू आणि कणकेची लक्षणे यांवर सोडल्या आहेत.

यामागचे कारण एकदा समजून घेतले, की पुढचे बरेच निर्णय स्वतःच घेता येतात. सावरडोमध्ये बाजारचे यीस्ट घालत नाहीत. पिठातच असलेले रानटी यीस्ट कार्बन डायऑक्साइड तयार करून कणीक फुगवते आणि त्याच्यासोबत वाढणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आंबटपणा आणतात. या दोघांना मानवणारी तापमाने वेगळी आहेत. यीस्टची वाढ साधारण २७ अंशांना सर्वांत जोमाने होते आणि ३५ अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते, तर जिवाणूंना ३२-३३ अंश अधिक सोयीचे असतात. त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी कणीक पुरती फुगण्याआधीच आंबट होते, आम्लता वाढल्यामुळे प्रथिने तोडणारी विकरे जोर धरतात, कणकेला ताण देणारी ग्लूटेनची (पिठातील प्रथिनांची) जाळी सैल पडते आणि हाती चिकट, पसरट गोळा उरतो. उन्हाळ्यात कणीक थंड ठेवणे हे पुण्यातील सावरडोचे निम्मे काम आहे.

पीठ आणि पाणी

ब्रेडची उंची ग्लूटेनवर अवलंबून असते आणि ग्लूटेन पिठातील प्रथिनांपासून तयार होते. मैद्याच्या पाकिटामागे दर १०० ग्रॅमला किती ग्रॅम प्रथिने आहेत ते छापलेले असते. ११ ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने असलेला मैदा, किंवा बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळणारे ब्रेडचे पीठ निवडावे. गव्हाच्या पिठाच्या पाकिटावरचा हाच आकडा पाहून मात्र फसू नये. चपातीच्या पिठात प्रथिने भरपूर दिसली, तरी त्यातील कोंड्याचे कण ग्लूटेनच्या जाळीत अडथळा आणतात. शिवाय गिरणीच्या दगडांमधील घर्षणामुळे स्टार्चचे कण फुटलेले असतात, ते पाणी जास्त शोषतात आणि विकरांना सहज बळी पडतात. चपाती मऊ होण्यासाठी जे उपयोगी, तेच ब्रेड उभा राहण्याच्या आड येते. म्हणून पहिल्या काही ब्रेडसाठी चार भाग मैदा आणि एक भाग गव्हाचे पीठ हे प्रमाण ठेवावे आणि हात बसल्यावर गव्हाचे प्रमाण वाढवत न्यावे.

लोकवन किंवा सिहोर यांपैकी घरात जो गहू येत असेल तो चालतो. बन्सी आणि खपली यांचे स्वाद उत्तम असले, तरी बन्सीचे ग्लूटेन ताणले जाते पण परत आखडत नाही आणि खपलीचे मुळातच दुबळे असते, त्यामुळे दोन्ही एकूण पिठाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतच ठेवावीत. गिरणीतून नुकतेच आणलेले पीठ चांगलेच गरम असते. ते डब्याचे झाकण उघडे ठेवून पूर्ण निवू द्यावे, बारीक चाळणीने चाळावे आणि निघालेला कोंडा फेकू नये, कारण तो पुढे परडीत भुरभुरण्यासाठी लागतो.

पाणी पिण्याचे असले की पुरे. महापालिकेच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत असेल, तर ते रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवावे.

स्टार्टर तयार करणे

स्टार्टर म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंनी भरलेले पिठाचे आंबवण. काचेच्या स्वच्छ बरणीत ३० ग्रॅम गव्हाचे पीठ आणि ३० ग्रॅम पाणी कालवून, झाकण सैल ठेवून ती बरणी घरातील सावलीच्या जागी ठेवावी. या पहिल्या टप्प्याला मैद्यापेक्षा गिरणीचे पीठ चांगले, कारण हवे असलेले सूक्ष्मजीव प्रामुख्याने दाण्याच्या वरच्या आवरणावर असतात. दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा बरणीत २० ग्रॅम मिश्रण ठेवून बाकीचे काढून टाकावे आणि त्यात २० ग्रॅम पीठ व २० ग्रॅम पाणी घालून ढवळावे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मिश्रण एकदम फसफसून वर येते आणि स्टार्टर झाला असा समज होतो. ही फसफस यीस्टची नसते. पिठातील इतर जिवाणूंची असते आणि तिला अनेकदा कुबट वास येतो. आम्लता वाढली की ते जिवाणू मरतात आणि पुढचे दोन-चार दिवस बरणीत काहीच हालचाल दिसत नाही. बहुतेक जण याच टप्प्यावर सगळे ओतून देतात. तसे न करता रोजचा क्रम चालू ठेवावा. आम्लता पुरेशी वाढल्यावर यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू जम बसवतात, वास आंबट ताकासारखा स्वच्छ होतो आणि मिश्रण पुन्हा, या वेळी ठरावीक वेळेने, फुगू लागते. उन्हाळ्यात याला साधारण आठवडा लागतो, थंडीत दोन आठवडेही लागू शकतात. पहिल्या आठवड्यात काढलेले मिश्रण खाण्यात वापरू नये. पुढे मात्र ते वाया घालवण्याचे कारण नाही. बेसन, कांदा, मिरची आणि कोथिंबीर घालून त्याची धिरडी उत्तम होतात.

पीठ-पाणी घातल्यापासून चार ते सहा तासांत स्टार्टर दुपटीने फुगला आणि सलग तीन दिवस असेच घडले, म्हणजे तो ब्रेडला योग्य झाला असे समजावे. बरणीला रबरबँड लावून सुरुवातीची पातळी दाखवावी. स्टार्टरचा चमचाभर गोळा पाण्यावर तरंगतो का, ही चाचणी सर्वत्र सांगितली जाते, परंतु गव्हाच्या पिठाचा जोमदार स्टार्टरही पुष्कळदा बुडतो, म्हणून त्या चाचणीपेक्षा रबरबँडवर विश्वास ठेवावा. स्टार्टर तयार झाल्यावर त्याला निम्मा मैदा आणि निम्मे गव्हाचे पीठ घालत राहावे.

उन्हाळ्यात समान प्रमाणात खाद्य दिलेला स्टार्टर तीन तासांत फुगून खाली बसतो आणि दिवसाचा उरलेला वेळ उपाशी राहतो. तेव्हा १० ग्रॅम स्टार्टरला ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी असे प्रमाण धरावे, म्हणजे रात्री दहाला दिलेले खाद्य सकाळी सहापर्यंत पुरते. वर काळपट पाणी सुटले किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर तो भुकेचा संकेत आहे. एक-दोन वेळा नीट खाद्य दिले की स्टार्टर ताळ्यावर येतो. गुलाबी किंवा नारिंगी रेघ अथवा बुरशी दिसली, तर मात्र वरचा थर काढून वाचवण्याचा प्रयत्न न करता सर्व टाकून द्यावे आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवावी. रोज ब्रेड करायचा नसेल, तर स्टार्टर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा खाद्य द्यावे.

कणीक

एका मध्यम ब्रेडसाठी ३२० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम चाळलेले गव्हाचे पीठ, २६५ ग्रॅम पाणी आणि ८ ग्रॅम मीठ घ्यावे. स्टार्टर थंडीत ८० ग्रॅम, पावसाळ्यात ६० ग्रॅम आणि कडक उन्हाळ्यात ४० ग्रॅम घ्यावा. वाटी-चमच्याचे माप इथे उपयोगाचे नाही, कारण त्याच वाटीत चाळलेले आणि दाबून भरलेले पीठ यांच्या वजनात बराच फरक पडतो. साधा डिजिटल वजनकाटा ओव्हनच्याही आधी घ्यावा. परदेशी कृतींत पाणी पिठाच्या ७५ ते ८० टक्के सांगितलेले असते आणि ब्रेडला मोठी भोके पडावीत म्हणून नवशिके तेच प्रमाण धरतात. आपला मैदा एवढे पाणी पेलत नाही. ६५ टक्क्यांच्या आसपास राहिल्यास भोके लहान पडतील, पण ब्रेड उभा राहील, आणि त्यावर लोणी लावताना ते ताटात गळणारही नाही.

पाण्याचे तापमान आधी ठरवून घ्यावे. मळल्यानंतर कणीक २५ अंशांना असावी असे धरून २५ ला ४ ने गुणावे आणि आलेल्या १०० मधून खोली, पीठ आणि स्टार्टर यांची तापमाने वजा करावीत. जो आकडा उरतो तितक्या अंशांचे पाणी घ्यावे. जानेवारीत तिन्ही २० अंश असतील, तर पाणी ४० अंशांचे, म्हणजे हाताला कोमट लागेल असे हवे. मे महिन्यात खोली ३४, पीठ ३३ आणि स्टार्टर ३२ अंशांवर असेल, तर उत्तर १ अंश येते, म्हणजे पाणी बर्फाचे हवे. पीठ आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवले की हा हिशेब बराच सोपा होतो. हे गणित ढोबळ आहे, परंतु कामापुरते बरोबर आहे.

मीठ आणि १५ ग्रॅम पाणी बाजूला ठेवून दोन्ही पिठे उरलेल्या पाण्यात कालवावीत आणि कोरडे पीठ दिसेनासे झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवावे. या वेळात पीठ पाणी पिते आणि मळण्याचे निम्मे श्रम आपोआप वाचतात. त्यानंतर स्टार्टर घालून हाताने चांगले मिसळावे, वीस मिनिटांनी मीठ आणि राखून ठेवलेले पाणी घालून पाच-सात मिनिटे मळावे. पुरणपोळीच्या कणकेसारखी ती तिंबत बसण्याची गरज नाही, कारण उरलेले काम घड्या करतात: दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने कणकेची एक कड उचलून ताणावी, मध्यावर दुमडावी, भांडे थोडे फिरवून चारही बाजूंनी तेच करावे. तीन किंवा चार वेळा अशा घड्या घातल्यावर सैल गोळा घट्ट आणि गुळगुळीत होतो. लहानसा तुकडा बोटांवर ताणला असता न फाटता त्यातून उजेड दिसला, म्हणजे जाळी तयार झाली.

कणीक किती फुगू द्यावी

सगळ्या कृतीत अंदाज लागतो तो इथे. कणकेतील ४० ग्रॅमचा तुकडा सरळ भिंतीच्या लहान काचेच्या ग्लासात दाबून बसवावा, पातळीवर खूण करावी आणि ग्लास कणकेच्या भांड्यालगतच ठेवावा, म्हणजे मोठ्या पातेल्यात न कळणारी वाढ तिथे स्पष्ट दिसते. कणीक २१ अंशांवर असेल तर ७५ टक्के वाढीला, २४-२५ अंशांवर ५० टक्के वाढीला आणि २७ अंशांवर किंवा त्याहून गरम असेल तर ३० टक्के वाढीलाच थांबावे. गरम कणीक लवकर थांबवायची, कारण फ्रिजमध्ये ठेवल्यावर ती निवायला काही तास लागतात आणि त्या वेळात आंबणे चालूच राहते. स्टार्टर घातल्यापासून या टप्प्याला पोहोचायला मे महिन्यात साडेतीन-चार तास, पावसाळ्यात पाच ते सहा आणि थंडीत आठ-नऊ तास लागतात. हे आकडे आपला दिवस आखण्यापुरते लक्षात ठेवावेत. निर्णय ग्लासाकडे पाहूनच घ्यावा. कणकेचा पृष्ठभाग किंचित फुगीर दिसणे, कडांना बुडबुडे येणे आणि भांडे हलवल्यावर ती थरथरणे ही बाकीची लक्षणे त्याला दुजोरा देतात.

उन्हाळ्यात कणकेचे भांडे पाणी भरलेल्या परातीत ठेवून त्यावर ओला पंचा गुंडाळावा आणि पंच्याची टोके परातीतील पाण्यात बुडू द्यावीत. पुण्याची मे महिन्यातली हवा कोरडी असल्यामुळे पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते आणि कणीक खोलीपेक्षा काही अंश थंड राहते. थंडीत याच्या उलट, इडलीचे पीठ आंबवण्यासाठी आपण करतो तसे, बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून भांडे आत ठेवावे. ज्यांना ऋतू निवडण्याची मुभा आहे त्यांनी पहिला ब्रेड जुलै किंवा ऑगस्टमध्ये करावा. त्या दिवसांत घरातील तापमान रात्रंदिवस जवळजवळ सारखे असते, आणि धुणे वाळत नाही एवढी तक्रार सोडली तर सावरडोसाठी पुण्याचा पावसाळा सर्वांत सोयीचा आहे.

आकार देणे

ओट्यावर थोडे पीठ भुरभुरून कणीक अलगद काढावी, कडा मध्यावर आणून सैल गोळा करावा आणि वीस मिनिटे झाकून ठेवावा. मग पुन्हा कडा दुमडून, गोळा पालथा घालून दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढत त्याचा पृष्ठभाग ताणून घ्यावा. हा ताण पुरेसा नसेल, तर ब्रेड ओव्हनमध्ये वर जाण्याऐवजी आडवा पसरतो.

बाजारात ब्रेडसाठी खास टोपल्या मिळतात, परंतु बुरूड आळीत मिळणारी बांबूची परडी तेच काम कमी पैशांत करते. तिच्यात जुन्या सुती कापडाचा तुकडा अंथरून त्यावर तांदळाची पिठी आणि राखून ठेवलेला कोंडा चोळावा. तांदळाच्या पिठीत ग्लूटेन नसल्यामुळे ती कणकेशी एकजीव होत नाही आणि गोळा कापडाला चिकटत नाही. गोळा पालथा परडीत ठेवून, वर पिशवी घालून परडी फ्रिजमध्ये आठ ते सोळा तास ठेवावी. फ्रिजचे तापमान ४-५ अंश असल्याची खात्री करून घ्यावी. ज्या घरात फ्रिज सतत उघडला जातो, तिथे मे महिन्यात तो ८-९ अंशांवरही राहतो आणि कणीक रात्रीत हाताबाहेर जाते. अशा वेळी परडी आत मागच्या बाजूला ठेवावी आणि आठ तासांत भाजून घ्यावे.

भाजणे

ब्रेड फुलण्यासाठी सुरुवातीला भरपूर उष्णता आणि वाफ दोन्ही लागतात. वाफेमुळे वरचे कवच काही काळ ओले राहते आणि आतील वायूला ते ताणून वर जाता येते. घरगुती ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिल या लहान विजेच्या ओव्हनमध्ये) वाफ टिकत नाही, म्हणून ब्रेड झाकलेल्या जड भांड्यात भाजावा. बिडाचा सपाट तवा खाली आणि त्यावर पालथी घातलेली बिडाची खोल कढई ही जोडी मला महागड्या परदेशी भांड्यांपेक्षा सोयीची वाटते, कारण तापलेल्या खोल भांड्यात गोळा सोडताना हात भाजण्याची भीती असते, तशी तव्यावर नसते. खरेदीपूर्वी ओटीजीची आतील उंची आणि रुंदी टेपने मोजावी आणि मगच कढई निवडावी. ओटीजी १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच जोडावा. शिवाय पुण्यात गुरुवार हा बहुधा वीजदुरुस्तीचा वार असतो, हे वेळापत्रक आखतानाच लक्षात घेतलेले बरे.

तवा आणि कढई आत ठेवून ओटीजी २५० अंशांवर पाऊण तास तापवावा. ओटीजीच्या खटक्यावरचा आकडा आणि आतील प्रत्यक्ष तापमान यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक असू शकतो, म्हणून आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर जरूर घ्यावा. फ्रिजमधून काढलेला गोळा थेट बटर पेपरवर उलटा करावा. तो खोलीच्या तापमानाला आणण्याची गरज नाही, उलट थंड गोळ्यावर चीर सुबक पडते. दाढीच्या नव्या पात्याने, पाते थोडे तिरपे धरून, साधारण एक सेंटिमीटर खोल एकच लांब चीर द्यावी. कागदासह गोळा तव्यावर सरकवून कढई पालथी घालावी, वीस मिनिटे २४० अंशांवर भाजावे, मग कढई काढून २२० अंशांवर आणखी वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. ओटीजीच्या वरच्या सळ्या ब्रेडच्या फार जवळ असतात, म्हणून जाळी सर्वांत खालच्या खाचेत ठेवावी आणि वरचा भाग करपू लागल्यास वरची सळई बंद करावी.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह २०० अंशांच्या वर जात नसेल, तर झाकून तीस आणि उघडे पंचवीस मिनिटे भाजावे. कवच फिकट राहील, पण आत ब्रेड शिजेल. कवच गडद तपकिरी झाले आणि तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, की ब्रेड झाला. थर्मामीटर खुपसून पाहिल्यास आतील तापमान ९६ अंश यावे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, तेव्हा त्यापुढचा आकडा येण्याची वाट पाहू नये.

कापल्यावर काय पाहावे

ब्रेड जाळीवर ठेवून किमान दोन तास निवू द्यावा, कारण गरम असताना आतील स्टार्च अजून स्थिरावलेला नसतो आणि सुरी फिरवताच तो चिकट लगदा होतो. कापल्यावर आतला भाग दाट आणि ओलसर असून मध्येच एक-दोन मोठी भगदाडे असतील, आणि ब्रेड चीर सोडून भलत्याच ठिकाणी फाटला असेल, तर कणीक कमी आंबली होती. ब्रेड चपटा, चीर न उघडलेली, भोके बारीक आणि एकसारखी, चव जास्त आंबट आणि पुरेसे भाजूनही कवच फिकट, अशी लक्षणे असतील तर कणीक जास्त आंबली. कवच फिकट राहते, कारण रंग आणणारी साखर सूक्ष्मजीवांनी आधीच संपवलेली असते. पुढच्या खेपेस पहिल्या प्रकारात ग्लासातील वाढ दहा टक्क्यांनी वाढवावी, दुसऱ्या प्रकारात तितकीच कमी करावी, आणि एका वेळी दुसरे काहीही बदलू नये. पीठ, पाणी आणि वेळ तिन्ही एकदम बदलल्यास कशाने फरक पडला हे कळत नाही. प्रत्येक वेळी कणकेचे तापमान, वाढ आणि लागलेले तास वहीत लिहून ठेवल्यास वर्षभरात आपल्या स्वयंपाकघराचे स्वतःचे कोष्टक तयार होते.

आम्लतेमुळे सावरडोला साध्या पावापेक्षा बुरशी उशिरा लागते, तरी पुण्याच्या पावसाळ्यात तो तीन दिवसांच्या आत संपवावा. फ्रिजमध्ये ब्रेड ठेवू नये, कारण त्या तापमानाला तो सर्वांत लवकर शिळा होतो. पहिले दोन दिवस कापलेली बाजू लाकडी पाटावर पालथी टेकवून वर सुती कापड घालावे. उरणार असेल तर पहिल्याच दिवशी काप करून हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवावेत, आणि हवे तेव्हा तसेच गोठलेले काप तुपाचा हात लावलेल्या तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी परतावेत.